साडेसहाचा बिट, आठ महिने आणि बटणांवरची सापाची कात

बिट म्हणजे बोअर मारताना हॅमरच्या टोकाला बसणारं, दगड फोडणारं पोलादी डोकं. कुठल्या कंपनीचा ते विचारू नका, भांडण अजून मिटलेलं नाही. साडेसहा इंची, दगडावर आपटणारी बटणं अशी: कडेला सोळा मिमीची आठ, म्हणजे गेज बटणं, तोंडावर चौदाची आठ, सगळी गोल डोक्याची. धंद्यातल्यांना एवढं पुरे. दिवाळीत असे दोन घेतले, जोडीवर थोडी सूट होती म्हणून.

फेब्रुवारीत पारनेर तालुक्यात ३१० फुटांवर हॅमरचा आवाज बदलला. खणखणीत ठोका घोगरा झाला, रॉड झटके द्यायला लागला. आमचा तमिळ ऑपरेटर अण्णा कॉम्प्रेसरकडे धावतच म्हणाला, "सेठ, बटन गया." वर काढून बघतो तर दोन गेज बटणं गायब. एक मधूनच तुटलेलं, दुसऱ्याचं नुसतं भोक शिल्लक. बिटावर तोवर जेमतेम चार हजार फूट झालेले. याआधीच्या बिटाने याच्या जवळजवळ दुप्पट काढले होते.

तुटलेलं बटण खाली राहिलं की पुढचा बिट त्याच्यावरच आपटतो, आणि विडियावर विडिया (बटणांचा माल, टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टचा) आपटला की दोन्ही जातात. म्हणून दोरीला लोहचुंबक बांधून सोडला. टंगस्टन कार्बाइड चुंबकाला चिकटत नाही, पण त्यातला कोबाल्ट चिकटतो, त्यामुळे नशीब असेल तर गळाला लागतं. भोकातून सुटलेलं बटण आलं, तुकडा काही आला नाही. बरं, नवा बिट त्याच बोअरमध्ये सोडावा तर तोही जाणार, कारण तुकडा खालीच राहिलेला. शेवटी चार हात सरकून दुसरा बोअर मारून दिला, पदरच्या डिझेलने. शेतकरी बांधावर उभा राहून सगळं बघत होता, त्याला काय सांगणार?

भरपाई मागितली तर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "ग्राइंडिंग केलं नाही, क्लेम बसत नाही." मी म्हटलं, अहो, बटणं झिजलीच नाहीत तर ग्राइंडिंग कशाचं करू? नियम सगळ्यांना पाठ आहे, बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांशाएवढा सपाट चट्टा पडला की घासून डोकं पुन्हा गोल करायचं. सोळाच्या बटणाला पाच मिमी. माझ्या बटणांवर दोन मिमीसुद्धा नव्हता. चकचकीत होती, आरशासारखी! माल हलका, असं मी चार जणांना सांगून मोकळा झालो.

सुप्याच्या एमआयडीसीत एक टर्नर मित्र आहे. त्याने ते सुटलेलं बटण भिंगाखाली धरलं आणि मला दाखवलं. चकचकीत डोक्यावर बारीक भेगांचं जाळं, अगदी सापाच्या कातीसारखं. मिनिटाला हजाराच्या वर ठोके, प्रत्येक ठोक्याला तापणं, मग हवेने आणि पाण्याने निवणं. त्यातून वरच्या कातडीला भेगा पडतात आणि न घासता तसंच चालवलं की त्या आत उतरतात. हा माल दाबाला जबरदस्त, ताणाला कच्चा. एक दिवस अचानक फुटतो.

मित्राने चिक्कीवर समजावलं. कार्बाइडचे दाणे म्हणजे शेंगदाणे, कोबाल्ट म्हणजे गूळ. ओतून बनत नाही, भुकटी दाबून सुमारे १४०० अंशांना भाजतात. गूळ कमी तर कडक पण ठिसूळ, गूळ जास्त तर चिवट पण लवकर झिजणारा. दगडाच्या बटणात कोबाल्ट साधारण सहा टक्क्यांपासून पुढे असतो. (आपण ज्याला विडिया म्हणतो ते क्रुप कंपनीचं १९२६चं नाव, जर्मनमध्ये 'हिऱ्यासारखा'. मूळ शोध १९२३चा, दिव्यातली तार ओढायच्या साच्यांसाठी. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.)

तरी पटलं नव्हतं. पटलं ते एप्रिलमध्ये, दुसरा बिट घेऊन देगलूरकडे गेलो तेव्हा. तिकडे आपला काळा पाषाण नाही, ग्रॅनाइट लागतो, भरपूर क्वार्ट्झवाला. सहाशे फुटांतच बटणांवर चट्टे दिसायला लागले आणि मी कपाळाला हात लावला. पण एकही फुटलं नाही. भिंगातून बघितलं तर कात नावाला नाही! ग्रॅनाइट भेगांसकट वरचं कातडं खरवडून काढत होता. आपल्याकडचा बेसाल्ट क्वार्ट्झशिवायचा, तो खरवडत नाही, म्हणून भेगा साठत जातात. बटण चांगलं दिसतंय हीच धोक्याची खूण होती, आणि मी सहा वर्षं त्याच्यावर खूश होतो.

मग हवेवर चालणारा ग्राइंडर आणि डायमंडचे कप घेतले. सहा वर्षं टाळलेला खर्च. देगलूरहून आल्यावर बिटाला पुन्हा गोल डोकी काढून दिली, आणि आता बेसाल्टात दर पाचशे फुटांना चट्टा असो-नसो कात उतरवतो. अण्णा कुरकुरतो, अर्धा तास जातो. दुसरा बिट आज ६,१०० फुटांवर आहे, सोळाच्या सोळा बटणं जागेवर. म्हणजे 'माल हलका' हे शब्द मी मागे घेतो. बाकी हवेची भोकं ठीक, मांजऱ्या आणि गेरूच्या थरांत चिखल अडकत नाही, वेगाबद्दल तक्रार नाही.

पण सुटलेल्या बटणाचं काय? ते तुटलेलं नाही, बुडखा अख्खा आहे, भोकातून सरळ बाहेर आलंय. ते बसवणाऱ्याचं पाप, ग्राइंडिंगचं नव्हे. मधूनच तुटलेलं माझ्या माथी, हे कंपनीच्या. निम्मा क्लेम द्या म्हणून तिसऱ्यांदा लिहिलंय. बटण पुरावा म्हणून कपाटात ठेवलंय.

पहिल्या बिटाचं डोकं कापून उरलेली चौदा बटणं काढली. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड माल, पाऊण किलोच्या आसपास भरला. भंगारवाला लोखंडाच्या भावाने मागत होता, त्याला हाकललं. कार्बाइड वेगळं तोलून घेणारा नगरला आहे. आणखी दोन बिटांची भर पडली की डबा घेऊन जाणार.