‘जेन एअर’ पाहायची आहे: १९८३ची की २००६ची?

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ छोट्या पडद्यावर पाहायची ठरवली की पहिला पेच निवडीचाच पडतो. १८४७ साली आलेली ही कादंबरी एकट्या बीबीसीनेच अनेकदा मालिका करून दाखवली. त्यातल्या दोन मालिकांवरून चाहते आजही हिरिरीने वाद घालतात. एक १९८३ची, टिमोथी डाल्टन आणि झेला क्लार्क यांची. दुसरी २००६ची, टोबी स्टीव्हन्स आणि रुथ विल्सन यांची. दोन्ही पाहायला सवड असेल तर प्रश्नच मिटला. एकीलाच वेळ देता येणार असेल, तर माझं मत ठाम आहे आणि ते कारणांसकट मांडते.

आधी वेळेचा हिशेब. १९८३च्या मालिकेचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ११ भाग आहेत, म्हणजे पाच तासांहून थोडं जास्त. २००६ची ४ भागांत, चार तासांच्या आत संपते. तास-सव्वा तासाचा फरक तसा फार नाही, पण तो कुठे खर्च झाला आहे हे बघायला हवं. १९८३मध्ये तो बोलण्यावर खर्च झाला आहे. पटकथाकार अलेक्झांडर बॅरन यांनी ब्राँटेची लांबलचक, वळणावळणाची वाक्यं जमेल तिथे तशीच ठेवली आणि दिग्दर्शक ज्युलियन एमिस यांनी नटांना ती पूर्ण बोलू दिली. २००६मध्ये सँडी वेल्श यांनी भाषा आजच्या कानांना सोपी केली, बरीच कमीही केली. त्या मोकळ्या जागेत दिग्दर्शक सुझाना व्हाइट यांनी नजरा, रंग आणि डर्बीशायरचा मोकळा माळ आणला.

नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर २००६ची केव्हाही सरस. सुरुवातीलाच छोटी जेन पडद्याआड पुस्तक उघडून बसते आणि कल्पनेत लाल वस्त्रं लेवून वाळवंटात पोचते. तोच लाल रंग पुढे, ती शिकवायला जाते त्या थॉर्नफिल्ड वाड्याच्या मनोऱ्यातून वाऱ्यावर फडफडताना दिसतो. थॉर्नफिल्ड म्हणून दाखवलेला हॅडन हॉल खरोखरच जुना दगडी वाडा आहे, त्यामुळे भिंतींची ओल आणि जिन्यातला अंधार आपसूक येतो. याउलट १९८३ची मालिका आतल्या दृश्यांसाठी स्टुडिओत उभारलेल्या खोल्यांत, व्हिडिओवर चित्रित झाली. उजेड सपाट, कॅमेरा बराच वेळ एका जागी. पहिला अर्धा तास हे खटकतं. नंतर मात्र मला तरी ते जाणवेनासं झालं, कारण तोवर कान गुंतलेले असतात.

या कादंबरीचा जीव आहे तो शेकोटीसमोरच्या बोलण्यात. थॉर्नफिल्डचा मालक रॉचेस्टर आणि त्याच्या घरी शिकवायला ठेवलेली अठरा वर्षांची जेन बरोबरीने बोलतात, एकमेकांना पेचात पकडतात, आणि त्या बोलण्यातूनच प्रेमात पडतात. रॉचेस्टर विचारतो, मी देखणा आहे का? ती पटकन सांगते, नाही. (हे वाक्य डाल्टनच्या बाबतीत कुणालाही पटणार नाही, त्या मालिकेवरचा हा जुनाच आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.) १९८३मध्ये या बैठका पुरेशा लांब आहेत. क्लार्क चणीने इतकी लहान आहे की डाल्टन शेजारी उभा राहिला की ती दिसेनाशी होईल असं वाटतं. पण ती मान वर करून, आवाज न चढवता उत्तर देते आणि खोलीतला तोल बदलतो. २००६मध्ये त्याच बैठका आखूड आहेत, तिथे आकर्षण आधी येतं आणि वाद नंतर.

मागणीच्या प्रसंगात जेन म्हणते, ‘मी गरीब आहे, कुणी मोठी नाही, दिसायला साधी आणि लहानखुरी आहे, म्हणून मला आत्मा नाही, हृदय नाही असं वाटतं का तुम्हाला?’ रुथ विल्सन हे रडत, तुटत म्हणते आणि पाहणाऱ्याचा घसा दाटतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी, अभिनयशाळेतून बाहेर पडल्यावर लगेचच तिने ही भूमिका केली. तिच्या ओठांची अर्धवट हालचालही बरंच सांगून जाते. बाफ्टा आणि गोल्डन ग्लोबसाठी तिचं नामांकन झालं ते उगाच नाही. क्लार्कची जेन याच ठिकाणी जास्त आवरलेली आहे, आणि ती अठराची वाटतही नाही. या एका प्रसंगापुरतं माझं माप विल्सनच्या पदरात.

मूळ कथा माहीत नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

लग्न मोडल्यानंतरचा निरोप हा खरा कसोटीचा क्षण. आधीच्या बायकोचं, बर्थाचं, गुपित उघडं पडलं आहे, रॉचेस्टर विनवतो, भूमध्य समुद्राकाठच्या घरात राहू म्हणतो, चिडतो, कोसळतो. जेन नाही म्हणते, आणि का नाही ते सांगते: मला माझी पर्वा आहे, मी जितकी एकटी, जितकी निराधार, तितका स्वतःचा मान अधिक राखीन. १९८३मध्ये हा प्रसंग सलग चालतो. डाल्टन एकेक युक्तिवाद वापरून संपवतो आणि प्रत्येक नकारानंतर त्याचा आवाज थोडा खचतो. शेवटी त्याच्याकडे शब्दच उरत नाहीत. २००६मध्ये जेन निघून गेल्यावर हा निरोप तिच्या आठवणीतून तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि त्यात दोघं बिछान्यावर एकमेकांना बिलगलेले आहेत. ओढ किती होती हे त्यातून नक्की कळतं. पण नकार देण्यामागचं तिचं बळ मात्र निसटतं, आणि तेच निसटलं तर ही जेन एअर राहत नाही. माझा कौल इथेच ठरला.

बाकीचं थोडक्यात. जेनच्या लहानपणीची लोवुडची शाळा आणि तिथल्या हेलन बर्न्सची मैत्री १९८३मध्ये नीट उलगडते, २००६मध्ये काही मिनिटांत उरकते. रॉचेस्टरचं जिप्सी बाईचं सोंग जुन्या मालिकेत आहे. नव्या मालिकेत तो खरीखुरी जिप्सी बाई बोलावून स्वतः आडून ऐकतो, आणि पडद्यावर हा बदल शोभतो. जमैकाहून आणलेल्या बर्थाकडे २००६ची मालिका अधिक माणुसकीने बघते. तिला चेहरा आहे, रूप आहे, राग आहे. १९८३मध्ये ती नुसती भीतीदायक.

सेंट जॉनचा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण आपल्याकडच्या प्रेक्षकाने तो घाईने पुढे ढकलू नये. हा धर्मोपदेशक हिंदुस्थानात जायला निघालेला आहे आणि जेनने बायको म्हणून बरोबर यावं, तिथल्या शाळा सांभाळाव्यात, बायकांमध्ये काम करावं असा त्याचा आग्रह आहे. त्यासाठी तो तिला हिंदुस्थानी भाषाही शिकायला लावतो. हे चित्र ब्राँटेने हवेतून काढलेलं नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट १८२९मध्ये मुंबईत आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५मध्ये इथेच वारल्या. जेन म्हणते की हिंदुस्थानात गेले तर मी लवकर मरेन, ते यामुळे अंगावर येतं. १९८३ची मालिका या दबावाला पुरेसा वेळ देते. सेंट जॉन शांतपणे एकेक पाऊल पुढे टाकतो आणि जेनचा श्वास कोंडत जातो. २००६मध्ये हाच भाग थॉर्नफिल्डच्या आठवणींमध्ये मिसळलेला असल्याने आपलं लक्ष मागेच राहतं.

तेव्हा कादंबरी वाचली असेल, वाचायची असेल किंवा अभ्यासाला असेल, तर १९८३ची घ्या. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, एका दिवशी दोनच भाग पाहा, कारण ते संवाद घाईत ऐकण्यासारखे नाहीत. कादंबरीशी काही देणंघेणं नसेल, घरातल्या मंडळींबरोबर शनिवार-रविवारी बसून पाहायचं असेल, किंवा जुन्या चित्रीकरणाने तुमचं मनच उडत असेल, तर बेलाशक २००६ची. आणि तरीही ठरत नसेल, तर दोन्ही मालिकांमधली जेन आणि रॉचेस्टर यांची शेकोटीसमोरची पहिली भेट लागोपाठ पाहा. ज्या खोलीत अजून थोडा वेळ बसावंसं वाटेल, ती मालिका पुढे चालू ठेवा.