होलोकू की मुउमुउ? हवाईच्या या दोन सैल झग्यांपैकी कोणता निवडायचा?
हवाईत 1820 मध्ये मिशनरी बायका आल्या आणि त्यांच्या झग्यांवरून होलोकू घडला: उंच गळा, लांब बाह्या, छातीवर योक (खांद्यापासून छातीपर्यंतचा वेगळा जोडलेला तुकडा) आणि त्याखाली कंबरेला न आवळता थेट सुटलेला घेर. मुउमुउ मुळात त्याच्या आत घालायचा. हवाईयन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आखूड कापलेला’. योक नाही, बाह्या तोकड्या. पुढे रंगीत फुलाफुलांचा होऊन तोच रोजचा झाला.

लग्नाला मागे लोळणारा घोळ असलेला होलोकूच शोभतो. शिवायला मुउमुउ सोपा. योक लावायचाच तर खालचं कापड त्याच्या दीडपट ते दुप्पट रुंद घ्या. चुण्यांसाठी दोन समांतर धावदोरे घाला. एकाच दोऱ्यावर त्या सरकून एका बाजूला गोळा होतात. सुती कापड बेतण्याआधी धुवा, नाहीतर नंतर आटतं.