पट्टीने टो सेट करायचा की सगळे एक्सल मशीनवर तपासायचे?

ट्रकच्या पुढच्या टायरची नक्षी एकाच बाजूने गेली की कळंबोलीतला गॅरेजवाला मापाची पट्टी लावून टो, म्हणजे वरून पाहिल्यास पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, सेट करून देतो. खर्च किरकोळ, गाडी लगेच मोकळी. लेझर मशीनवर सगळे एक्सल तपासायचे तर पैसे जास्त आणि फेरीही बुडते.

खिशात हात घालण्याआधी तो टायरवर फिरवा. बाहेरून आत नेताना मऊ आणि आतून बाहेर आणताना बोचलं, तर टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळली आहे. उलट असेल तर टो-आउट, म्हणजे बाहेर. दोष एवढाच आणि गाडी सहा किंवा दहा चाकी असेल, तर पट्टी पुरते. फक्त माप जॅकवर नको. चाकं जमिनीवर, गाडी थोडी पुढे ढकललेली आणि पट्टी हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीला हवी. मीटरभर व्यासाच्या चाकांत एकूण टो 4 मिलिमीटरने चुकला, तर दर किलोमीटरला प्रत्येक टायर साधारण 2 मीटर आडवा घासतो. त्यामुळे ‘अंदाजाने बसवलाय, शेठ’ हे ऐकून घेऊ नका.

कड सपाट झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल), किंगपिनचे (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचे) बुश किंवा बेअरिंग बघा. किंगपिन ढिला असताना केलेलं अलाइनमेंट, पट्टीचं असो की लेझरचं, पाण्यात जातं.

बारा-चौदा चाकी गाडीला मात्र मी पट्टीवर सोडणार नाही. तिथे स्टिअरिंगचे एक्सल दोन. दोन्हींचा टो अचूक असला तरी दोन्हींना जोडणारा मधला रॉड चुकीच्या लांबीवर असेल, तर एक जोडी सरळ जाते आणि दुसरी किंचित वळलेली राहते. मग टायर एकमेकांशी भांडत झिजतात. मागचा एक्सलही छळतो. पाट्याचा (स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटून एक्सल एका बाजूला सरकला की गाडी तिरकी पळते, ड्रायव्हर स्टिअरिंग वाकडं धरून तिला सरळ ठेवतो आणि नवे टायर पुढे टाकले तरी तेही खाल्ले जातात. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल, तर थेट मशीनवरच न्या.

जेएनपीटी बंदराच्या फेऱ्या मारणाऱ्या तीन एक्सलच्या ट्रेलरचं गणित वेगळं. यार्डात काटकोनात वळताना मागचे टायर आडवे फरफटतातच, ती झीज कुठलंही मशीन थांबवणार नाही. तरी एक्सल एकमेकांना समांतर आहेत ना, एवढं तपासून घ्या.