साठ अंड्यांचं उबवणी यंत्र: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर, विक्रीच्या हिशेबानं

कोल्हापूरच्या आसपास पंचवीस-तीस गावरान कोंबड्या पाळणाऱ्याला हे यंत्र घ्यावंसं वाटतं ते साठलेल्या अंड्यांपायी. श्रावण लागला की खप पडतो, ट्रेवर ट्रे चढतात आणि मग वाटतं, उबवून पिलं विकू. यंत्र पिलं काढून देतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण अंडी विकण्यापेक्षा पिलं विकणं कितीतरी अवघड आहे, म्हणून हा अनुभव यंत्राबरोबर विक्रीचाही आहे.

आधी यंत्र. प्लास्टिकची बॉडी, पंखा, अंडी फिरवणारी मोटर, डिजिटल कंट्रोलर, खाली पाण्याचे दोन कप्पे आणि १२ व्होल्ट बॅटरीची जोडणी. कंट्रोलरवर दिसणारं तापमान खरं धरू नका. अंड्यांच्या उंचीला साधा तापाचा थर्मामीटर ठेवून ताडून बघा, ३७.५ ते ३७.७ अंश हवं. अर्ध्या अंशाचा फरक सहज निघतो आणि तेवढ्यानं पिलं एक दिवस पुढं-मागं होतात. मोटरचे रोलर फार्मच्या अंड्याच्या मापाचे आहेत. गावरान अंडं ४० ग्रॅमच्या आसपासचं, ते जागेवरच घसरतं आणि पुरतं फिरत नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली मारली की कुठलं अडकलंय ते रोज दिसतं.

पाण्याबाबत माहितीपत्रकातली सूचना आपल्या हवेला लागू पडत नाही. पहिले १८ दिवस आत ५० ते ५५ टक्के आर्द्रता हवी, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. जुलैत राधानगरी-गगनबावड्याकडं हवाच ओली असते, तिथं सुरुवातीपासून दोन्ही कप्पे भरले तर अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिलू चोच मारायच्या वेळी आतच गुदमरतं. सर्वांत भरवशाची खूण वजनाची. भरताना दहा अंडी एकत्र तोला. ४०० ग्रॅम भरली तर अठराव्या दिवशी तीच दहा ३५० च्या जवळ यायला हवीत. ३७० भरली तर एक कप्पा कोरडा ठेवायला हवा होता. एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट होतं, पिलू पापुद्र्याला चिकटून बसतं.

वीज गेली तर झाकण उघडू नका. वर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. पावसाळ्यात बॅटरीशिवाय हे यंत्र घेऊच नये.

आता विक्री. अंडी ताजी आणि फलित असली तर साठातून ४० ते ४५ पिलं निघतात, ती सगळी विसाव्या-एकविसाव्या दिवशी. गिऱ्हाईक मात्र एकेक येतं. कुणाला पाच हवीत, कुणाला दहा, तीही पुढच्या आठवड्यात. पोटातल्या बलकावर पिलू दोन दिवस निघतं, त्यानंतर ब्रूडर (पिलांना ऊब देणारा कप्पा), खाद्य, भुसा, बल्ब हा खर्च रोजचा. म्हणून अंडी भरायच्या आधी बुकिंग घ्या आणि थोडे तरी पैसे आगाऊ घ्या. ‘बघू, घेतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर यंत्र भरायचं नाही.

घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘यात तलंगा (माद्या) किती?’ एक दिवसाच्या गावरान पिलात नर-मादी ओळखून देणं आपल्या हातातलं नाही. निम्मे नर धरायचे आणि हे बुकिंगलाच स्पष्ट सांगायचं. नाहीतर तीन महिन्यांनी कोंबडे आरवायला लागले की बोलणी तुम्हालाच खावी लागतात. पाच-सहा आठवड्यांवर तुरे बघून नर बाजूला काढता येतात, पण तोवर प्रत्येक पिलानं साधारण किलोभर खाद्य खाल्लेलं असतं. भाव त्या हिशेबानंच लावा. एक दिवसाच्या पिलाच्या भावात महिन्याचं पिलू मागणारे पुष्कळ भेटतात, त्यांना नाही म्हणा.

खरी कोंडी लसीची आहे. मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस पहिल्या दिवशीच टोचावी लागते. तिची कुपी मोठ्या हॅचरीच्या हिशेबाची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. चाळीस पिलांसाठी ती कोण उघडणार? पाचव्या ते सातव्या दिवसाची लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस), चौदाव्याच्या सुमाराची गंबोरो (पिलांची प्रतिकारशक्ती मारणाऱ्या रोगाची लस) आणि अठ्ठाविसाव्याची लासोटा निदान जमण्यासारखी आहे. आसपासच्या तीन-चार जणांनी एकाच दिवशी यंत्रं भरली तर एक कुपी वाटून घेता येते. लस आणताना थर्मासात बर्फ हवाच. लस न देता पिलं विकली आणि घेणाऱ्याच्या खुराड्यात मानमोडी शिरली, तर त्याच्या जुन्या कोंबड्याही जातात आणि नाव तुमचं निघतं. आमचं मत ठाम आहे: छोट्या कळपवाल्यानं एक दिवसाचं पिलू अनोळखी माणसाला विकू नये. दोन्ही लासोटा आणि गंबोरो झालेलं महिन्याचं पिलूच विकावं.

खायच्या अंड्यांचा त्रास वेगळा. बाजारात तपकिरी कवचाची फार्मची अंडी गावरान म्हणून सर्रास खपतात, त्यामुळं खऱ्या गावरान अंड्याचं गिऱ्हाईक आकार बघून ‘एवढंसंच?’ म्हणतं आणि फार्मच्या भावात मागतं. कवचाचा रंग जातीवर असतो, बलकाचा खाद्यावर. मका आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद येतो. दोन्हींवरून गावरान सिद्ध होत नाही. नेहमीच्या घरांना नेमून दिलेल्या वारी, ट्रेवर तारीख लिहून अंडी पोचवणं हाच मार्ग आम्हाला टिकाऊ वाटतो. दुकानात ठेवायला दिली की उधारीही वाढते आणि फुटलेली अंडी परत येतात.

एप्रिल-मे महिन्यात ‘अंड्यात रक्त निघालं’ ही तक्रार ठरलेली. कळपात कोंबडा असेल तर अंडं फलित असतं, आणि तापलेल्या खुराड्यात किंवा खुडूक कोंबडीखाली पडून राहिलं की आत गर्भ वाढायला लागतो. उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा अंडी गोळा करा. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा नसलेला वेगळा कप्पा सर्वांत बरा. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते, हे मात्र बऱ्याच गिऱ्हाइकांना समजावून सांगावं लागतं. उबवायची अंडी निराळी ठेवा: निमुळतं टोक खाली, जागा थंड, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो.

हंगामाचं गणित अंड्यांच्या साठ्यावर नाही, पंचांगावर बांधा. श्रावणात साठली म्हणून भरली तर पिलं भाद्रपदाच्या ओलीत निघतात. भुसा दमट होतो, रक्ती हगवण लागते आणि गणपती-नवरात्रात कोंबड्यांनाही उठाव नसतो. गटारीला कोंबडा द्यायचा असेल तर किलो-सव्वा किलोला साडेचार-पाच महिने धरा, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत यंत्र भरलं पाहिजे. थंडीत अंड्यांना मागणी चढते, पण दिवस अकरा तासांवर आलेला असतो आणि कोंबड्या अंडी कमी करतात. पहाटे बल्ब लावून एकूण उजेड पंधरा तासांपर्यंत नेला, तर मार्गशीर्षातले गुरुवार धरूनही हाच काळ वर्षभरात सगळ्यांत फायद्याचा ठरतो. त्या दिवसांत अंडी यंत्रात घालू नका, विका.

यंत्र घ्यावं का? पाच-सात बुकिंग हातात असतील आणि महिनाभर ब्रूडर सांभाळायला कुणी घरी असेल तर घ्या. नुसती उरलेली अंडी जिरवायला घेऊ नका. पिलं देताना मात्र एक चिठ्ठी हातात द्या: निघाल्याची तारीख, दिलेल्या लसी, देवीची लस सहाव्या आठवड्यात आणि आरटूबी (मानमोडीचीच पुढची लस) आठव्या आठवड्यात. नव्या पिलांना जुन्या कोंबड्यांपासून निदान दोन आठवडे लांब ठेवायचं, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा.