म, न, व, ल, स उमटेना: सयाजीगंजातल्या तळघरात केलेली लॅपटॉपची दुरुस्ती

बडोद्याच्या सयाजीगंजात काळा घोडा चौकाकडून स्टेशनच्या दिशेला जी जुनी कॉम्प्लेक्सं लागतात, त्यातल्या एकाच्या तळघरात हे दुकान आहे. बोर्डावर नाव नाही, ‘लॅपटॉप-प्रिंटर रिपेरिंग’ एवढंच गुजरातीत रंगवलंय. पायऱ्या अरुंद, उतरताना डोकं सांभाळायचं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जिन्यावरच थांबावं लागतं. गाडी लावायला जागा नाही म्हटलं तरी चालेल. तरीही बडोद्यात कोणी लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला म्हणून विचारलं, तर मी आता हेच दुकान सांगते. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण बाकीच्या दुकानांबद्दल ‘छान सर्व्हिस’, ‘बकवास’ याच्यापलीकडे कोणी काही लिहीतच नाही.

माझं काम भाषांतराचं. इथल्या मराठी घरांची निम्मी भावकी पुण्या-साताऱ्याकडे, त्यामुळे गुजरातीतले वारसदाखले, पेढीनामे (म्हणजे वंशावळी) मराठीत आणि तिकडची खरेदीखतं, मृत्युपत्रं गुजरातीत, असं सतत चालू असतं. टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची ठरावीक मांडणी. तिच्यात इंग्रजी डीच्या बटणावर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह असतं, आणि सगळ्यात खालच्या ओळीत सी, व्ही, बी, एन, एम या बटणांवर अनुक्रमे म, न, व, ल, स. माझी नेमकी हीच बटणं रुसली. आधी न दोनदा दाबावा लागायचा, मग व जोर दिल्याशिवाय उमटेना, मग हलन्तच गेला. हलन्त गेला की मराठीचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. ‘श्री’चं ‘शरी’, ‘पत्नी’चं ‘पतनी’ आणि ‘मृत्युपत्रा’चं ‘मृतयुपतर’. असा कागद दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात नेला तर वकीलसाहेब मलाच उभं करतील.

पहिल्यांदा गेले ते एका चकचकीत, एसी दुकानात. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडला, दोन बटणं दाबली आणि सांगितलं, कीबोर्ड गेला. या मॉडेलमध्ये कीबोर्ड सुटा येत नाही, वरचं अख्खं पॅनल बदलावं लागेल, ५,८०० रुपये, पार्ट मागवायला निम्मे आगाऊ. पॅनलची गोष्ट तशी खोटी नाही. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड बऱ्याचदा स्क्रूने बसवलेला नसतो. प्लास्टिकच्या बारीक खुंट्या वितळवून वरच्या कव्हरला कायमचा चिकटवलेला असतो. तो काढायचा तर त्या सगळ्या खुंट्या तोडाव्या लागतात. मला खटकलं ते वेगळंच. त्याने मशीन उलटंही करून पाहिलं नाही. एक प्रश्न विचारला नाही. दोन बटणांत निदान!

तळघरातल्या भाईंचा नंबर शेजारच्या झेरॉक्सवाल्याने दिला. फोन केला तर म्हणाले, ‘बेन, येण्याआधी घरी एवढं करून बघा.’ आणि जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण यात निम्म्या लोकांचा हेलपाटा वाचेल.

आधी विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडायचा: विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबायचं. ओ चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन माउसने चालू करायचा. मग हाताने एकेक बटण दाबत जायचं. जे पोचतं ते पडद्यावर उजळतं. म्हणजे कुठली बटणं मेलीत, कुठली अर्धमेली आहेत, ते कागदावर लिहून काढता येतं. त्यानंतर कोणाचा तरी साधा यूएसबी कीबोर्ड आणून जोडायचा. त्यावरही तीच अक्षरं उमटेनात, तर दोष विंडोजचा, कीबोर्डचा नाही. बाहेरचा नीट चालतो आणि आतला नाही, तर बहुतेक मामला हार्डवेअरचा. खात्री करायची असेल तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर जायचं. तिथे विंडोज अजून उठलेलंच नसतं, त्यामुळे तिथेही बटण चाललं नाही तर ड्रायव्हर (विंडोजमधलं कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकण्यात अर्थ नाही. माझ्या भाच्याने तोवर डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड अनइन्स्टॉल करून, रीस्टार्ट करून झालं होतं. काही फरक पडला नव्हता, आणि का पडला नव्हता ते आता कळलं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. उजवीकडचं शिफ्ट बटण चुकून बराच वेळ दाबलं गेलं होतं का? आठ सेकंद दाबून ठेवलं की विंडोजचं फिल्टर कीज चालू व्हायला बघतं. ते चालू झालं की झटकन दाबलेली बटणं मशीन मोजतच नाही, दाबून धरली तरच घेतं. आणि छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिलंय का? तसं असेल तर यू, आय, ओ च्या जागी ४, ५, ६ आणि जे, के, एल च्या जागी १, २, ३ येतात. भाई म्हणाले, लोक या एवढ्यासाठी रिक्षा करून येतात, मी चहा पाजून परत पाठवतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

मग गेले. काउंटरवर काच आहे, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लॅपटॉप बंद करून त्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. मशीन डुगडुगलं. दुसरा कोपरा, पुन्हा डुगडुग. मग उचलून कडेने ट्यूबलाइटकडे धरलं आणि मला दाखवलं: झाकण मिटलं तरी पुढच्या बाजूला मध्यभागी पोट आलेलं. टचपॅड दाबायला सांगितलं. तो कित्येक दिवस दगडासारखा घट्ट लागत होता, पण त्याचा आणि अक्षरांचा संबंध जोडायचं कोणाच्या डोक्यात येणार? तेवढ्यात ते म्हणाले, ‘बेन, आमां कीबोर्डनो वांक नथी.’ म्हणजे यात कीबोर्डचा दोष नाही.

स्क्रू काढले, खालचं झाकण प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने सोडवलं. बॅटरीच्या तीन कप्प्यांपैकी मधला टम्म फुगलेला. ही बॅटरी टचपॅडच्या आणि तळव्यांच्या जागेखालीच असते. ती फुगली की वरचं कव्हर आतून उचलतं, वाकतं, आणि सगळ्यात जवळची जी ओळ, स्पेसबारच्या वरची, तिच्याखालचे पातळ थर ताणले जातात. बटणाखाली काय असतं तेही दाखवलं: दोन पातळ पडदे, त्यांवर चांदीच्या शाईने ओढलेल्या वाटा, मध्ये भोकं असलेला तिसरा पडदा, वर रबराची छोटी वाटी. बटण दाबलं की वाटी चेपते आणि दोन वाटा भोकातून एकमेकींना टेकतात. बूडच वाकडं असेल तर त्या टेकणार कशा? किंवा टेकून सुटणार तरी कशा?

बॅटरीची पिन आधी सोडवली, मग बॅटरी हलक्या हाताने, लोखंडी काही न लावता, काढली. आत गॅस असतो, टोचली तर पेट घेऊ शकते, म्हणून फुगलेली बॅटरी घरी स्वतः उपटायला जाऊ नका असं त्यांनी दोनदा बजावलं. आणि फुगल्याचं लक्षात आलं की चार्जिंगही बंद करायचं. बॅटरीशिवाय नुसत्या ॲडॅप्टरवर मशीन चालू केलं आणि मला टाइप करायला दिलं. म, न, व, ल, स. पाचही. जोर न देता. ५,८०० देऊन नवं पॅनल घातलं असतं तर ही फुगलेली बॅटरी त्याच नव्या पॅनलखाली बसली असती, आणि मी ती चार्जरला लावून रात्रभर शेजारी ठेवली असती.

हलन्त मात्र अजून येईना. तो दोष वेगळा निघाला. डीचं बटण त्यांनी नखाएवढ्या प्लास्टिकने उचकटलं, खालची कैचीसारखी दोन तुकड्यांची बिजागरी सोडवली. रबराची वाटी एका बाजूने फाटलेली. मुखवासाच्या डब्या असतात ना, तशा दहा-बारा डब्या त्यांच्या खणात आहेत. एकीत नुसते कीकॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, एकीत बिजागऱ्या, एकीत भंगार कीबोर्डांतून काढलेल्या वाट्या. चिमट्याने चार लावून बघितल्या, पाचवी मापाची निघाली. खाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, वाटी चिकटवली, सुकायला ठेवली. बोटाला थोडी जास्त कडक लागते. इनस्क्रिप्टवाल्यांचा हलन्त दिवसभर चालतो, त्यामुळे डी आधी झिजणार हे साहजिकच. त्यांना मात्र नवल वाटलं, गुजराती टायपिंगवाल्या एका वकिलाचंही हेच बटण गेलं होतं म्हणाले. गुजराती इनस्क्रिप्टमध्येही हलन्त तिथेच.

एकूण २,८०० झाले: बॅटरी २,४००, बाकी कामाचे ४००. बॅटरी कंपनीची नाही, कंपॅटिबल आहे, आणि हे त्यांनी पैसे सांगायच्या आधी सांगितलं. वॉरंटी सहा महिने. चार्ज पहिल्या बॅटरीइतका टिकत नाही. माझं मशीन टेबलावरच असतं म्हणून मला चालतं, प्रवास करणाऱ्यांनी विचार करावा. दिवसभर चार्जरला लावूनच काम करत असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती त्यांनी न मागता चालू करून दिली.

आता तक्रारी. वेळ. ‘सांजे आवजो’ म्हणाले की ती सांज कुठल्या वारची ते विचारून घ्या. बॅटरी यायची होती तेव्हा माझी सांज पुढे पुढे सरकत गेली आणि मी भाच्याच्या लॅपटॉपवर काम उरकलं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळतं ते हाताने लिहिलेलं. वॉरंटी त्याच कागदावर लिहून घ्या. ‘याद छे ने बेन’ वर विसंबू नका. मशीन ठेवून घेतात तेव्हा पावतीही देत नाहीत, नुसती चिकटपट्टीवर नावाची चिठ्ठी. कामाचा डेटा असेल तर बॅकअप घेऊन जा, पासवर्ड कागदावर लिहून मागतात तो देऊ नका. समोर बसून तुम्हीच टाका, त्याला ते नाही म्हणत नाहीत. जुन्या बॅटऱ्या वाळूच्या डब्यात ठेवतात इतपत ठीक, पण पुढे कुठे जातात याचं धड उत्तर मिळालं नाही. २०२२ च्या नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्यांनी त्या परत घ्यायच्या असतात, तेव्हा दुकानानेही थोडं मनावर घ्यायला हरकत नाही.

पाणी किंवा चहा सांडलेल्या कीबोर्डबद्दल मात्र त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ते स्वतःच ठेवू देत नाहीत. त्या चांदीच्या वाटा गंजल्या की एका वाटेवरची सगळी बटणं एकदम जातात, आणि तिथे पुसून काही होत नाही, कीबोर्डच बदलावा लागतो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली तेव्हाची. आता त्यांची सगळी फळ्यांची मांडणी त्या रेघेच्या वर सुरू होते, खाली फक्त रिकामी खोकी. पुराच्या पाण्यातले लॅपटॉप तेव्हा ढिगाने आले, त्यातले किती वाचले विचारलं तर हसले आणि हार्ड डिस्क काढून दिल्या म्हणाले.

रविवारी बंद. दुपारी एकला शटर अर्धं पाडून जेवायला बसतात आणि तीनच्या आत वर करत नाहीत, तेव्हा चारच्या पुढे जा. पैसे रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही. गाडी कॉम्प्लेक्सच्या मागच्या गल्लीत लावा. समोर लावली तर टोइंगवाले उचलतात.