शेवटचे १८ मिलिमीटर: काउंटी तुरुंगाच्या स्कॅन-टपाल सेवेचा वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतील काउंटी (आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) तुरुंगात असलेल्या माणसाला पत्र पाठवताना पाकिटावर त्याचे पूर्ण नाव, बुकिंग क्रमांक (तुरुंगात नोंद होताना मिळणारा) आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो, आणि स्टिकर, चमकी, अत्तर किंवा स्टेपलच्या पिना चालत नाहीत, हे ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांना पहिल्या आठवड्यातच पाठ होते; त्यामुळे ते येथे पुन्हा उगाळत नाही. हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण म्हणजे कैद्यांना आलेली पत्रे स्कॅन करून त्यांना टॅबलेटवर दाखवणाऱ्या कंपनीकडून परवा आलेले उत्तर. संबंधित पान 'यशस्वीरीत्या स्कॅन' झालेले असून तक्रार बंद करण्यात येत आहे, असे त्यांनी कळवले आहे. पान स्कॅन झाले, याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. ते पूर्ण स्कॅन झाले नाही, तळाच्या ओळी कापल्या गेल्या, ही माझी तक्रार होती आणि ती अजून उघडीच आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा २०२५ च्या मार्चपासून येथील एका काउंटी तुरुंगात आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. आरोपांविषयी मी येथे काही लिहिणार नाही, आणि ज्यांचे कोणी आत आहे त्यांनी पत्रातही त्याविषयी अवाक्षर काढू नये, कारण वकिलाचे टपाल सोडले तर बाकीचे प्रत्येक पत्र तुरुंगातील कर्मचारी वाचू शकतात आणि त्यातील मजकूर सरकारी वकिलापर्यंत पोहोचू शकतो. कराडच्या नातेवाइकांना 'तुरुंगात आहे' म्हणजे 'शिक्षा झाली' असेच वाटते. वस्तुस्थिती अशी की काउंटी तुरुंग बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतो, तेथे खटल्याची वाट पाहणारी आणि साधारण एक वर्षापर्यंतची शिक्षा भोगणारी माणसे असतात, आणि देशभरातील अशा तुरुंगांमध्ये दोन तृतीयांशांहून अधिक माणसांचा दोष अजून सिद्ध व्हायचा असतो. पुढचे सारे वाचताना हे ध्यानात असावे, एवढ्यासाठीच सांगितले.

तो आत गेला तेव्हा या काउंटीत केवळ पोस्टकार्डे स्वीकारत. ही प्रथा ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीने २००७ मध्ये पाडली आणि नंतर ती इतर अनेक काउंट्यांनी उचलली. ओरेगनमधील कोलंबिया काउंटीचा असाच नियम २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तरी इतरत्र तो टिकून राहिला. उघड्या कार्डावर आईने मुलाला काय लिहायचे, हा प्रश्न आहेच. पण ताई पोस्टकार्डांवर वाढलेल्या पिढीतील आहे, भारतात ते कार्ड आजही पन्नास पैशांना मिळते, आणि पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचणार हे गृहीत धरूनच तिने आयुष्यभर लिहिले आहे. तिने बारीक अक्षरात चारी कडा भरून कार्डे पाठवली आणि ती जशीच्या तशी त्याच्या हातात पडली. तेव्हा मला हा नियम जाचक वाटत होता. आता त्या दिवसांविषयी मी बरेच बरे बोलते.

जुलैच्या सुरुवातीला काउंटीने पद्धत बदलली. वैयक्तिक पत्रे आता तुरुंगाकडे न जाता दुसऱ्या राज्यातील एका पोस्ट बॉक्सवर जातात. तेथे एक खासगी कंपनी पाकीट फोडते, कागद स्कॅन करते, प्रतिमा तुरुंगातील टॅबलेटवर टाकते आणि ठरावीक मुदतीनंतर मूळ पत्र नष्ट करते. अमली द्रव्यात भिजवलेले कागद आत येऊ नयेत, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पेनसिल्व्हेनियाने आपल्या राज्य तुरुंगांसाठी सप्टेंबर २०१८ मध्ये असेच केले आणि कैद्यांचे टपाल फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गला वळवले. कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ काउंटीत मात्र तुरुंगातील माणसे आणि त्यांना लिहिणारे लोक मिळून २०२३ मध्ये याच पद्धतीविरुद्ध न्यायालयात गेले, यावरून ती सर्वांना मुकाट्याने पटलेली नाही एवढे दिसते. आमच्यापुरते सांगायचे तर ताईचे जे पत्र बदलाच्या वेळी वाटेत होते, ते तुरुंगाच्या पत्त्यावर पोहोचले आणि तेथून शिक्का मारून कराडला परत गेले. त्याच महिन्यात टपाल खात्याचे साधे तिकीटही ७३ सेंटांवरून ७८ सेंटांवर गेले. पाच सेंटांचे काय एवढे, असे ज्यांना वाटते त्यांनी दर आठवड्याला दोन पत्रे टाकून पाहावीत.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत कागदाचा प्रचलित आकार 'लेटर' हा आहे, २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. भारतासह बहुतेक जगात ए-फोर चालतो, तो २१० बाय २९७ मिलिमीटरचा. म्हणजे आपला कागद रुंदीला किंचित कमी आणि लांबीला १८ मिलिमीटरने जास्त असतो. कंपनीचे यंत्र लेटर आकाराला बांधलेले आहे आणि पान जेथे संपते तेथे नव्हे, तर २७९ मिलिमीटर झाले की थांबते. ताई कागद वाया जाऊ देत नाही. ती तळाच्या कडेपर्यंत लिहिते, आणि मराठी पत्राची रीत अशी की क्षेमकुशल, पाऊसपाणी, गावातील लग्ने हे सगळे वर येते आणि खरी बातमी 'कळावे, लोभ असावा' झाल्यावर ता. क. मध्ये येते. यंत्राने नेमका तोच भाग कापायला घेतला.

ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. टॅबलेटवरील पत्र समोर ठेवून तो मला वाचून दाखवत होता: "मावशी, आई लिहिते, 'ता. क. डॉक्टरांनी बाबांना'... आणि पुढे काही नाहीच." पुढची ओळ आहे का, असे मी विचारल्यावर तो म्हणाला की ओळ आहे, पण तिची फक्त शिरोरेषा दिसते आहे, रेषेवरच्या वेलांट्या, मात्रा आणि एक अनुस्वार तेवढा आहे, खालची अक्षरे गेली आहेत. त्या मात्रांवरून शब्द लावण्याचा प्रयत्न तो दोन दिवस करत होता. डॉक्टरांनी त्याच्या बाबांना फक्त मीठ कमी करायला सांगितले होते. ते त्याला दोन दिवस कळायला मार्ग नव्हता.

मी कंपनीला लिहिले. कंपनीने सांगितले की प्रतिमेचा दर्जा करारानुसार असून काही म्हणणे असल्यास काउंटीशी संपर्क साधावा. काउंटीने सांगितले की स्कॅनिंग हा कंपनीचा विषय आहे. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केलेले असल्याने एकमेकांकडे बोट दाखवणारी दोन खाती मला नवीन नाहीत. अशा वेळी कागद लागतो. म्हणून मी ताईने पूर्वी पाठवलेल्या वहीतला एक ए-फोर कागद घेतला, त्यावर वरून खालपर्यंत पट्टीने सेंटिमीटरच्या खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी आकडा घातला आणि तो ७८ सेंटांचे तिकीट लावून भाच्याच्या नावे रवाना केला. हा कागद तपासणीसाठी बराच काळ रोखून धरण्यात आला, बहुधा त्यात कोणीतरी सांकेतिक संदेश शोधत असावे. अखेर तो टॅबलेटवर दिसला तेव्हा भाच्याला २७ ची खूण दिसली. २८ आणि २९ दिसल्या नाहीत. ही माहिती मी नकाशासारखी आखून कंपनीला पाठवली आणि त्यावरच परवाचे 'यशस्वीरीत्या स्कॅन' हे उत्तर आले. लिपस्टिकच्या ठशापासून रंगीत खडूपर्यंत काय काय चालत नाही याची लांबलचक यादी ज्या नियमपत्रकात आहे, त्यात कागदाच्या आकाराविषयी एक ओळ नाही.

प्रतिमेच्या दर्जाविषयी थोडक्यात: रंग जातात, निळी शाई फिकट येते, पेन्सिल जवळजवळ दिसतच नाही, काळ्या जेल पेनाने लिहिलेले स्वच्छ वाचता येते. छायाचित्रे चालतात, पण चेहरे काळवंडतात.

इलेक्ट्रॉनिक संदेशांविषयी माझे मत मध्यंतरी बदलले, तेही सांगायला हवे. याच कंपनीच्या ॲपवरून संदेश पाठवता येतो; प्रत्येक संदेशाला एक 'डिजिटल स्टॅम्प' लागतो आणि तो आमच्याकडे ५० सेंटांचा आहे. ज्याला ना कागद, ना शाई, ना पोस्टमन, त्याचे तिकीट कसले, या विचाराने मी ते अनेक आठवडे घेतलेच नाही. पुढे अमेरिकेने स्वस्त पार्सलांची सीमाशुल्कातील सूट काढून घेतल्यावर भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेकडे जाणारे बहुतेक टपाल थांबवले. सुरुवातीला पत्रांना सवलत होती, थोड्याच दिवसांत तीही गेली आणि सेवा १५ ऑक्टोबरला पूर्ववत झाली. त्या काळात कराडहून कागद निघणेच बंद झाले. नाइलाजाने मी स्टॅम्प घेतले. ताई पत्र लिहून त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवी आणि मी तो संदेशाला जोडून पुढे पाठवी. देवनागरीत टंकलेला मजकूर टॅबलेटवर रिकाम्या चौकटींसारखा उमटतो, म्हणून फोटोच जोडावा लागतो आणि फोटोला आणखी एक स्टॅम्प पडतो. म्हणजे ५० सेंटांची म्हणून घेतलेली गोष्ट एक डॉलरला जाते. तरीही कबूल करते की सकाळी पाठवलेले अनेकदा संध्याकाळी त्याच्यापर्यंत पोहोचत होते, आणि विशेष म्हणजे फोटो कापला जात नव्हता. तळाच्या ओळीपर्यंत सगळे दिसत होते. त्यामुळे तातडीची बातमी असेल तर आता मी कुरकुर न करता डॉलर मोजते.

या सगळ्या प्रकारात निखळ आनंदाची गोष्ट एकच घडली, ती पुस्तकाची. पुस्तके स्कॅन केंद्राकडे न जाता थेट तुरुंगाकडे जातात, ती कोरी आणि कागदी बांधणीची असावी लागतात, आणि घरून पाठवता येत नाहीत. प्रकाशकाकडून किंवा मान्य विक्रेत्याकडून यावी लागतात. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांबाबत असा नियम वैध असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच म्हटले होते. येथे मराठी पुस्तकाचा मान्य विक्रेता कोठून आणायचा, म्हणून मी आशा सोडली होती. पण नियमात प्रकाशक अमेरिकेतला असावा असे कोठे म्हटलेले नाही, हे ताईच्या ध्यानात आले. टपाल सुरू झाल्यावर पुण्यातील एका प्रकाशकाने पैसे भरून घेऊन पुस्तक स्वतःच्या छापील वेष्टनात, बिल आत घालून, बुकिंग क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहून रवाना केले. ते तुरुंगाच्या टपाल खोलीत काही काळ अडकले आणि नंतर, कोणाच्याही मध्यस्थीविना, त्याला मिळाले. टपाल खोलीतील ज्या अधिकाऱ्याने स्वतःला न वाचता येणारे मराठी पुस्तक केवळ नियमात बसते म्हणून आत सोडले, त्याचे नाव मला कळले असते तर मी त्याला आवर्जून पोस्टकार्ड टाकले असते.

वकिलाच्या टपालाचा रस्ता वेगळा आहे. तेही थेट तुरुंगात जाते आणि कैद्याच्या समोर उघडले जाते. १९७४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मान्य केली होती. पाकिटावर ते कायदेशीर टपाल असल्याचे ठळक लिहिले नसेल तर ते सामान्य पत्रांत जाण्याची भीती असते, तेव्हा वकिलाच्या कचेरीला एकदा विचारून घ्यावे.

सध्याची व्यवस्था अशी आहे. लेटर आकाराचा कागद कराडच्या दुकानात मिळत नाही आणि येथून कोऱ्या कागदाचा गठ्ठा पाठवणे मला परवडत नाही. म्हणून ताई आता ए-फोर कागदाचा तळ दोन बोटे आत दुमडते आणि घडीच्या खाली लिहीत नाही. तरी हात सवयीने खाली जाईल या धास्तीने तिने ता. क. उचलून पानाच्या अगदी वर नेला आहे, 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद' याच्याही आधी. भाचा म्हणतो, आता आईच्या पत्रात आधी रक्तदाब येतो आणि मग आशीर्वाद. काम भागते, पण एका यंत्राची मर्यादा सत्तरीच्या बाईने आपली लिहिण्याची रीत मोडून भरून काढावी, हे मला मान्य नाही आणि तक्रार मी पुन्हा उघडली आहे.

तारे द्यायचे झाल्यास स्कॅन सेवेला पाचपैकी दीड, संदेशांना तीन. स्टॅम्प घेताना मात्र एक गोष्ट पाहावी: न वापरलेल्या स्टॅम्पांचे पैसे परत मिळत नाहीत, माणूस सुटला किंवा दुसऱ्या तुरुंगात हलवला गेला तरी नाही. मोठा संच घेतला की एक स्टॅम्प स्वस्त पडतो, असे ॲप वारंवार सुचवते. भाच्याच्या जामिनाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, म्हणून मी सर्वांत लहान संच घेते.