ब्रेकचा दिवा आणि पाचशे रुपयांचा ओबीडी डोंगल

निळ्या पारदर्शक डबीतला, वर ‘ईएलएम३२७’ छापलेला ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन चार-पाचशे रुपयांना मिळतो. गाडीच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे दोष तपासायच्या सॉकेटमध्ये, तो खोचला की गाडीतले दोषांचे कोड फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला की बरेच जण पहिल्यांदा हाच मागवतात. वस्तू टाकाऊ नाही, पण तिचा उपयोग दिव्याच्या रंगावर ठरतो. दिवा लाल असेल तर डोंगल जवळपास निरुपयोगी. पिवळा एबीएसचा (जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) असेल तर गाडी आणि अ‍ॅप जुळल्यावर पैसे वसूल.

आधी लाल दिवा. बहुतेक गाड्यांत तो दोन साध्या स्विचांवर चालतो. एक हँडब्रेकच्या लिव्हरपाशी, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीत तरंगणारा. इंजिनच्या कॉम्प्युटरला यांच्याशी सहसा देणंघेणं नसतं, म्हणून अ‍ॅप ‘कोड नाही’ असं दाखवतं आणि चालवणारा निर्धास्त होतो. या डोंगलचा खरा धोका हाच.

लाल दिव्याला टॉर्च आणि दोनशे-तीनशेचा मल्टीमीटर पुरतो. त्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल, तर गाडी टोइंग करूनच न्यायची. पेडल टणक असेल तर बॉनेट उघडून डबीवरच्या मिन-मॅक्स खुणा बघा. ऑइल मिनपाशी गेलं असेल तर लगेच ओतू नका. पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो आणि तेवढं ऑइल डबीतून कमी होतं, म्हणजे दिवा बरोबरच सांगतोय. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० मिलिमीटर असतं. ३ वर आलं की बदलायचं. अशा वेळी डबी वरपर्यंत भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑइल उतू जातं आणि रंग उडवतं.

पॅड जाड आहेत आणि ऑइल मात्र उतरलंय, म्हणजे गळती. चाकांची आतली बाजू, मागच्या ड्रमचा खालचा काठ आणि मास्टर सिलिंडर (डबीखालचा, ऑइलला दाब देणारा भाग) बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्याला) जिथे जोडला आहे तो सांधा ओला आहे का बघा. हायड्रॉलिक क्लचच्या अनेक गाड्यांत क्लचही याच डबीतून ऑइल घेतो, तेव्हा क्लच पेडलच्या मुळाशीही ओल आहे का बघा.

ऑइल पूर्ण असून दिवा जळत असेल तर डबीवरचा दोन वायरींचा कपलर काढा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने दिवा विझला तर तरंगता स्विच अडकलाय. डबीला बाजूने टिचक्या मारल्या की कधी कधी तो सुटतो. न विझल्यास हँडब्रेकचा स्विच किंवा वायर. कपलर परत लावायला विसरू नका, आणि तो कायमचा काढून ठेवणं हा इलाज नव्हे. ब्रेकबरोबर बॅटरीचाही दिवा लागला असेल तर आधी अल्टरनेटर बघा: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास हवेत.

आता पिवळा दिवा. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे लहान गाड्यांतही हा प्रश्न आला. एबीएसचे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे एबीएसच्या स्वतंत्र कॉम्प्युटरमध्ये असतात. फुकटची साधी अ‍ॅप इंजिनचे ‘पी’ कोड वाचून थांबतात. दोष डोंगलचा नाही, अ‍ॅपला त्या मॉड्यूलची भाषा येत नाही. फोर्ड फिगो, इकोस्पोर्टवाल्यांचं नशीब चांगलं. फोरस्कॅन हे अ‍ॅप एबीएसपर्यंत व्यवस्थित पोचतं. इतर गाड्यांसाठी ‘कार स्कॅनर’ अ‍ॅपमध्ये आपल्या मॉडेलचं प्रोफाइल निवडून बघा. काही मॉडेलवर चालतं, काहींवर नाही, म्हणून पैसे भरण्याआधी फुकट आवृत्तीत एबीएस दिसतं का ते तपासा.

कोडपेक्षा जास्त कामाचे लाइव्ह आकडे. मोकळ्या रस्त्यावर सरळ, ताशी २०-३० किलोमीटरने गाडी चालवायची आणि चारही चाकांचे वेग शेजारच्याने वाचायचे. एक चाक सतत शून्य दाखवत असेल तर त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बिघडलाय किंवा त्याची वायर तुटलीय. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर हे अगदी नेहमीचं कारण. थांबता थांबता एकच आकडा आधी शून्यावर पडत असेल तर सेन्सर ज्या रिंगवरून चाकाचा वेग मोजतो तिच्यावर गंज किंवा चिखल आहे. अशा गाडीत हळू वेगात पेडल उगाच थरथरतं. कोकणातल्या गाड्यांत हे फार दिसतं. सेन्सर साधारणपणे दहाच्या पान्याने सुटतो. ब्रश आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, ओढून काढू नका, मोडतो. जुन्या दोन वायरींच्या पॅसिव्ह सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण ८०० ते २००० ओहम येतो. नव्या अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला हे मोजमाप लागू नाही, त्यावरून तो बाद ठरवू नका.

बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर बेअरिंग उलटं बसलेलं असू शकतं. अनेक गाड्यांत सेन्सर वाचतो ती रिंग म्हणजे बेअरिंगवरचीच चुंबकीय पट्टी असते. तिची बाजू सेन्सरकडे हवी, आणि बाहेरून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. दुरुस्तीनंतर कोड पुसला तरी दिवा लगेच जाईल असं नाही. थोडा वेग घेऊन मॉड्यूलने सेन्सर तपासल्यावर तो विझतो. लाल आणि पिवळा एकत्र लागले तर मागच्या चाकांचं ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद पडलेलं असू शकतं, जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी लॉक होतील. तेव्हा प्रयोग थांबवा.

खरेदीबद्दल. मूळ चिप बनवणारी एल्म ही कॅनडाची कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा बाजारात दिसतो तो माल जवळजवळ सगळा नक्कल. ‘व्ही १.५’ तर एल्मने कधी विकलीच नाही, १.४ नंतर थेट २.० आली. गंमत म्हणजे ‘१.५’ छापलेल्या नकला बऱ्याचदा ‘२.१’ छापलेल्यांपेक्षा बऱ्या चालतात, कारण दुसऱ्यांत कितीतरी कमांड गाळलेल्या असतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल जुळत नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. एबीएसचं काम वारंवार करणार असाल तर ओबीडीलिंक किंवा व्हीलिंकर नावाचे डोंगल घ्या, महाग आहेत पण मध्येच तुटत नाहीत.

पार्सल आल्यावर परत करण्याच्या मुदतीतच अ‍ॅपमधून एबीएस मॉड्यूल जोडून बघा. फक्त इंजिनचे आरपीएम दिसले म्हणून समाधान मानू नका. काम झालं की डोंगल काढून ठेवा. पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवर १२ व्होल्ट कायम असतात, म्हणून तो बंद गाडीतही बॅटरी खातो, आणि ब्लूटूथ जोडणीचा पासवर्ड सहसा १२३४ असल्याने शेजारचा कुणीही त्याला जोडू शकतो.